धागा: जोडीदार गेला, गाणं अर्धं राहिलं (फायली, हक्क, मिक्स)

सोळाबार

पुण्यात घरी बसून रॅप करणारे बहुतेक जोडीनेच काम करतात. एक लिहितो आणि म्हणतो, दुसरा बीट, म्हणजे मागचं संगीत, करतो. त्यातला एक गेला की दुसऱ्याच्या हातात काही व्हॉइस नोट आणि उघडेल की नाही माहीत नाही अशी प्रोजेक्ट फाइल उरते, शिवाय "ते गाणं काढणार ना?" असं विचारणारे मेसेज. याची माहिती एका जागी सापडत नाही, म्हणून धागा काढतोय. स्वतःच्या आठवणी इथे नकोत. काय करायचं, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहूया.

सुरुवात करतो. तेराव्यापर्यंत गाण्याला हात लावू नका, पण फायली मात्र लगेच वाचवा. या दिवसांत घरचे चांगल्या हेतूने फोन रीसेट करून धाकट्याला देतात आणि लॅपटॉप फॉरमॅट होतो. म्हणून घरात जो माणूस धावपळ करतोय त्याला, आईवडिलांना नव्हे, एकच निरोप द्या: "फोन आणि लॅपटॉप कुणी पुसू नका, विकू नका." पासवर्ड मागू नका, गाण्याचा विषय काढू नका.

मग स्वतःचा फोन. त्याने तुम्हाला पाठवलेल्या व्हॉइस नोट तुमच्याकडेही असतात. आधी त्या चॅटचे 'गायब होणारे मेसेज' बंद करा. ९० दिवसांवर लावलेलं असेल तर जुन्या नोट रोज थोड्या थोड्या जात राहतील. बंद केलं तरी आधीच्या मेसेजना लावलेली मुदत चालूच राहते, म्हणून त्या 'ठेवा' करून घ्या. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडिया फोल्डरमध्ये व्हॉइस नोटचं वेगळं फोल्डर असतं. ते अख्खं उचला. फाइलच्या नावातच तारीख असते, नावं बदलू नका. पुढे कुठली ओळ आधीची आणि कुठली नंतरची हे त्या तारखेवरूनच कळतं. तीन प्रती करा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी किंवा क्लाउडवर. 'मूळ' नावाच्या फोल्डरला पुन्हा हात लावायचा नाही. सगळं काम त्याच्या प्रतीवर.

डिस्कवाला

सोळाबारला अनुमोदन. डिस्कबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त माल इथेच जातो.

बाहेरची हार्ड डिस्क दिसत नसेल तर आधी केबल आणि डबी बदलून पाहा. डिस्क चांगली आणि डबीचा सर्किट बोर्ड गेलेला, असं पुष्कळदा निघतं. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, काही शे रुपयांत नवी डबी मिळते. (काही डिस्कना यूएसबी थेट बोर्डावरच असतं, त्यांची डबी बदलता येत नाही.) पण डिस्कमधून टक-टक असा ठराविक अंतराने आवाज येत असेल तर त्याच क्षणी वीज काढा. आतलं हेड गेलेलं असतं आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तबकडीवर ओरखडे वाढतात. "अजून एकदा लावून बघू" यानेच उरलेलं जातं. अशी डिस्क रिकव्हरीवाल्याकडेच न्या, आणि काम हाती घेण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या.

डिस्क चालते पण वाचताना अडखळते, तर फायली एकेक कॉपी करत बसू नका. डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि मग त्या प्रतिमेतून शोधा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करणं ही नेहमीची चूक. हवी असलेली फाइल त्यानेच पुसली जाते. एसएसडीवरून डिलीट झालेलं तर क्वचितच परत मिळतं, कारण ट्रिम नावाची आतली सोय ती जागा स्वतःहून रिकामी करत असते.

प्रोजेक्ट फाइल: एफएल स्टुडिओ या बीट करायच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये आवाज नसतो, आवाज कुठे ठेवलाय याचा पत्ता असतो. म्हणून नुसती फाइल पेनड्राइव्हवर आणली की सगळे सॅम्पल हरवलेले दिसतात. त्याच मशीनवर उघडून 'झिप्ड लूप पॅकेज' म्हणून सेव्ह करा. एबलटन या तशाच सॉफ्टवेअरमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह'. एफएलची ट्रायल आवृत्ती सेव्ह करते पण सेव्ह केलेलं पुन्हा उघडत नाही, त्यामुळे परवाना असलेला मित्र आधी शोधा. उघडल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक ट्रॅक शून्यापासून २४ बिट वेव्हमध्ये बाहेर काढणं. एक संच मास्टरवरचे प्लगिन (अख्ख्या गाण्यावर लावलेले इफेक्ट) बंद करून, आणि एक पूर्ण मिक्स त्याने ठेवला होता तसाच. दुसरा संच विसरू नका. त्याच्या कानाला काय हवं होतं याचा तो एकमेव पुरावा असतो. फाइलच्या नावात टेम्पो आणि स्केल लिहा. सहा वर्षांनी प्लगिन उघडणार नाही, वेव्ह उघडेल.

रात्रपाळी

लॅपटॉपचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नसेल तर?

डिस्कवाला

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की एरवी फायली दिसतात. विंडोज ११ मध्ये मात्र डिस्क एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू असतं. मग ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि खात्यात शिरायला ओटीपी, म्हणजे त्याचं सिम. प्रीपेड सिम ९० दिवस न वापरता पडलं तर बंद होऊ शकतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो. म्हणून त्या नंबरचं काय करायचं हे घरच्यांना लवकर ठरवू द्या. हे काम घरच्यांनीच करायचं. तुम्ही शेजारी बसून सांगा, पण त्यांच्या हातून होऊ द्या. त्या खात्यात गाण्यांशिवायही बरंच काही असतं.

आणि जे हयात आहेत त्यांनी आज रात्रीच करायचं काम: गुगलच्या 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये ३, ६, १२ किंवा १८ महिन्यांनंतर कोणाला काय द्यायचं ते ठरवता येतं. पाच मिनिटं लागतात.

कलम५७

हक्कांबद्दल लिहितो. इथे भावनेच्या भरात चुका होतात आणि दोन वर्षांनी त्या नात्यावर येतात.

एका गाण्यात तीन-चार वेगळे हक्क असतात. शब्द त्याचे, तर शब्दांचा कॉपीराइट त्याचा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे तो मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि वारसांकडे जातो. बीट तुमचा असेल तर संगीत तुमचं. रेकॉर्डिंगचा हक्क ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते केलं त्याचा. त्याने स्वतःच्या फोनवर केलेली व्हॉइस नोट त्याचीच. शिवाय त्याचा कलाकार म्हणून हक्क, तो ५० वर्षं. म्हणजे "आम्ही दोघांनी मिळून केलं" हे खरं असलं तरी त्याच्या बारांसाठी (बार म्हणजे चार मात्रांची ओळ) वारसांची लेखी परवानगी लागते.

परवानगीपत्रात काय हवं: गाण्याचं नाव, कुठल्या फायली, कशासाठी, पैशाची वाटणी, मुदत आणि प्रदेश. शेवटचे दोन लोक विसरतात. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणं स्ट्रीमिंगवर जाणार म्हणजे जगभर जाणार, तेव्हा 'जगभर' हा शब्द कागदावर हवाच. साध्या मराठीत, एका पानात लिहा. स्टॅम्प पेपर करायचा तर महाराष्ट्रात आता ५०० रुपयांचा. घरच्यांनी वाचून, दोन दिवस ठेवून मग सही करावी. त्याच बैठकीत सही मागू नका.

रात्रपाळी

वडिलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर "कर बाळा, त्याला आवडलं असतं" असं लिहिलं तर ते पुरेसं नाही का?

कलम५७

मायेच्या दृष्टीने त्याहून मोठं काही नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अविवाहित हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे आणि वडील दुसऱ्या वर्गातले. आई हयात असेल तर सही तिची हवी. लग्न झालेलं असेल तर बायको, मुलं आणि आई यांची. अविवाहित मुलगी गेली असेल तर आईवडील दोघांची. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, तिथे वकिलाला विचारा.

बँकेतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही लक्षात असू द्या. आणि रॉयल्टी: २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा ठरावीक रॉयल्टीचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाच्या नावे करता येत नाही. वारसांना आयपीआरएस या अशा सोसायटीचं सदस्य होता येतं. रक्कम सुरुवातीला अगदी किरकोळ असते. तरी ती आईच्या खात्यावर, कितीही लहान असो, ठरल्या दिवशी गेली पाहिजे.

बीट विकत घेतलेला असेल तर त्याच्या लीजची (वापरायच्या परवान्याची) पीडीएफ शोधा. लीज घेणाऱ्याच्या नावावर असते, आपोआप तुमच्या नावावर होत नाही. बीटमेकरला मेल करा. बहुतेक वेळा ते नवं पत्र देतात. 'फ्री' बीट यूट्यूबवरून उतरवलेला असेल तर तो वितरणाला चालत नाही. तेव्हा नवा बीट करणं हाच सरळ मार्ग.

मिक्सवाली

व्हॉइस नोटवर काम करायचं तर आधी मर्यादा समजून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट ओपसमध्ये, मोनो, बोलण्यासाठी दाबलेली असते. ८ किलोहर्ट्झच्या वर बहुधा काहीच नसतं. स्पेक्ट्रममध्ये पाहिलं की भिंतीसारखी सरळ रेघ दिसते. त्यामुळे १० किलोहर्ट्झ वाढवून आवाज उजळत नाही, फक्त खरखर वाढते. एकदाच ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्हमध्ये बदला आणि पुढे तीच वापरा. एमपी३ मध्ये मधेच कुठे जाऊ नका.

क्रम महत्त्वाचा. आवाज फाटला असेल तर आधी डीक्लिप (फाटलेली टोकं सावरणं). मग विजेची घरघर: आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि तिचे पट, १००, १५०, तिथे अरुंद नॉच (तेवढीच पट्टी कापणारा फिल्टर). मग नॉइज रिडक्शन. एकदम २० डीबी ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि स, श, ख ही अक्षरं विरघळतात. चार-चार डीबीचे दोन फेरे पुरेत. मग ९० हर्ट्झखालचं कापा, २५० ते ४०० च्या आसपास थोडं कमी करा, आणि ३:१ कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबणं), त्याची सुई ३-४ डीबीपेक्षा जास्त हलू नये.

खरी युक्ती पुढे आहे. आवाज बीटच्या पातळीला आणण्यापेक्षा बीट आवाजाजवळ न्या. त्याचा भाग आला की बीटवर लो-पास (वरची पट्टी अडवणारा फिल्टर) लावून ७-८ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरवा, हाय-हॅट काढा, बास तसाच ठेवा. मग तो डब्यातून बोलतोय असं वाटत नाही, कारण आजूबाजूचं सगळं त्याच खोलीत येतं. तुमचा व्हर्स (कडवं) सुरू झाला की फिल्टर उघडा. आणि त्या नोटमधला दोन सेकंदांचा नुसता पंख्याचा आवाज शोधून त्याचा लूप पूर्ण भागाखाली अगदी हळू ठेवा. नाहीतर शब्दांमधल्या शांततेत आवाज कापल्यासारखा लागतो.

टेम्पो: बीटशिवाय म्हटलेली ओळ कधी मिनिटाला ८८ ठोक्यांवर असते, कधी ९३ वर. ३-४ टक्क्यांहून जास्त ताणू नका, स्वर धातूसारखे होतात. श्वासाच्या जागी कापा, प्रत्येक ओळीची पहिली ठोस मात्रा जागेवर बसवा, बाकी सैल राहू द्या. तो ठेक्याच्या किंचित मागे म्हणत असेल तर तो त्याचा फ्लो आहे. ग्रिडवर बसवून तो दुरुस्त करू नका. श्वास, घसा खाकरणं, "थांब, परत घेतो" हे तर काढूच नका. स्वच्छतेच्या नादात माणूस पुसला जातो.

आता जे कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये सांगत नाहीत. एडिट करताना तुम्ही त्याचा एक शब्द शंभरदा ऐकणार आहात. त्याने दोन गोष्टी होतात: एक तर माणूस कोसळतो, नाहीतर तो आवाज नुसता आवाज होतो, आणि हे दुसरं नंतर जास्त लागतं. म्हणून साफसफाई आणि कापाकापी शक्यतो त्याला न ओळखणाऱ्या इंजिनिअरकडून करून घ्या. स्वतः करायचं असेल तर एका बैठकीत ४० मिनिटं, घड्याळ लावून. बीट आणि तुमचा व्हर्स मिक्स करताना त्याचा ट्रॅक म्यूट करा आणि त्या जागी साधा गाईड (जागा दाखवणारा तात्पुरता आवाज) ठेवा. रात्री एकट्याने हे काम नको.

सायफर_शनिवार

बारा बार आहेत आणि सोळा हवेत, अशा वेळी आवाजाचा क्लोन करून उरलेले चार भरता येतात. जुन्या रेकॉर्डिंगवर मॉडेल शिकवायला फार वेळ लागत नाही. घरच्यांना ऐकायला बरं वाटेल, असाही विचार आहे. मत सांगा.

मिक्सवाली

माझं मत स्पष्ट नाही असं आहे. तांत्रिक कारण आधी: ८ किलोहर्ट्झच्या नोटवर शिकवलेलं मॉडेल 'ळ' आणि 'ण' गिळतं आणि पुण्याच्या पेठेतला किंवा वस्तीतला हेल सपाट करतं. ओळखीच्या कानाला ते दुसऱ्या शब्दालाच कळतं. आणि आईचा कान सगळ्यात तयार असतो.

कलम५७

कायदा अजून तयार होतोय. अरिजित सिंगच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये परवानगीशिवाय आवाजाचा क्लोन करण्याला अंतरिम मनाई केली, पण ते हयात कलाकार. गेलेल्या माणसाचे प्रसिद्धीचे हक्क (त्याचं नाव, चेहरा, आवाज कुणी वापरावा याचे) त्याच्याबरोबर संपतात, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात म्हटलं. म्हणजे अडवणारं कुणी नसेलही. तरी जे चार बार त्याने लिहिलेच नाहीत ते त्याच्या तोंडी घालणं मला पटत नाही. घरच्यांना बरं वाटेल हे आपण परस्पर ठरवू नये.

सायफर_शनिवार

मान्य. मग चार बारांचं काय करायचं?

सोळाबार

मोकळे सोडा. बारा बार हा काही गुन्हा नाही. तेराव्या बारला नुसता बीट येऊ दे, किंवा त्याने आधी ओळींच्या मधे टाकलेली एखादी अ‍ॅडलिब. ९० च्या टेम्पोला चार बार म्हणजे साडेदहा सेकंदांहून थोडं जास्त, ऐकणाऱ्याला कळायला पुरेसे.

लिहिण्याबद्दल दोन गोष्टी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शोकाच्या गाण्यात सगळ्या ओळी गेला-केला-नेला, होता-रोता अशा संपतात आणि दुसऱ्या ओळीलाच पुढचं यमक कळतं. नाम शेवटी आणा: झेड ब्रिजचा कठडा, अर्धा कटिंग, पीएमटीचा पास, बारक्या अक्षरातली वही. क्रियापद मधे ढकला. दुसरी गोष्ट 'तू' आणि 'तो'. एकाच व्हर्समध्ये दोन्ही आले की गाणं कोणाशी बोलतंय ते कळत नाही. हुकमध्ये (ध्रुवपदात) 'तू', व्हर्समध्ये 'तो' असं बांधून घेतलं तर टिकतं. 'तारा झालास', 'वरून बघतोयस' हे कुणाच्याही मित्राला लागू पडतं, म्हणून ते तुमच्या मित्राचं होत नाही.

पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ या अमेरिकन हिप-हॉप जोडीने १९९२ मध्ये 'ट्रबल' टी-रॉय या गेलेल्या मित्रासाठी केलेलं गाणं अभ्यासाला घ्या. शब्दांत मृत्यू फारसा नाही, आई, आजोबा, काका अशी घरची माणसं आहेत. शोक सगळा टॉम स्कॉटच्या रेकॉर्डवरून घेतलेल्या सॅक्सोफोनच्या तुकड्यात आहे.

मित्राने स्वतःचा जीव घेतला असेल तर पद्धत, जागा, चिठ्ठीतले शब्द गाण्यात नको, व्हिडिओतही नको. ऐकणाऱ्यांत त्याच काठावर उभं असलेलं कुणी असतं. वर्णनात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक टाका. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक गाणं करणाऱ्यासाठीही आहे. झोप, जेवण, काम आठवडेच्या आठवडे बसत नसेल तर गाणं बाजूला ठेवून आधी तिथे बोला.

रात्रपाळी

रेकॉर्ड करताना आवाज भरून येतो, घसा आवळतो. टेक फुकट जातात.

मिक्सवाली

रडल्यावर स्वरतंतू सुजतात आणि घशाचे स्नायू आखडलेले राहतात. जोर लावून म्हटलं तर आवाज फाटतो आणि दोन दिवस बसतो. थांबा, कोमट पाणी प्या, तोंड मिटून हळू गुणगुणा, निदान अर्ध्या तासाने परत या. आठ-आठ बारांचे तुकडे घ्या. त्याच्या नावाची ओळ सगळ्यात शेवटी. मोडलेला एक टेक मात्र डिलीट करू नका, पुष्कळदा डबल म्हणून, म्हणजे मुख्य टेकच्या खाली हळू ठेवायला, तोच लागतो.

आणि तारखा बघून बुकिंग करा. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव असतो. ढोलाचा खर्ज गादी, ब्लँकेट, फोम कशालाच अडत नाही. माइकवर हाय-पास लावला तरी टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) ठोका राहतो. सकाळी ७ ते १० ची वेळ घ्या.

डिस्कवाला

वितरणाचं कुणी लिहिलं नाही. त्याची जुनी गाणी ज्या वितरकाकडे (गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या कंपनीकडे) आहेत तो वार्षिक वर्गणीवाला आहे का, ते आधी बघा. कार्ड बंद झालं, वर्गणी थकली, की गाणी काढली जातात. काहींकडे एकदाच जादा पैसे भरून गाणं कायम ठेवायची सोय असते. दुसरीकडे हलवायचंच असेल तर प्रत्येक गाण्याचा १२ अक्षरी आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि तीच फाइल, तेच नाव, तोच कोड देऊन चढवा. नवं दिसल्यावर मगच जुनं काढा. कोड बदलला तर ऐकल्याचे आकडे शून्यावर येतात.

नव्या गाण्यात त्याचं नाव टाकताना त्याचं आधीचं कलाकार पान निवडा. नुसतं नाव टाइप केलं तर त्याच नावाचं दुसरं रिकामं पान तयार होतं. स्पॉटिफायच्या संपादकांना पाठवायचं तर निदान ७ दिवस आधी, म्हणून फाइल तीन-चार आठवडे आधी चढवा. वर्षश्राद्धाला काढायचं ठरवलं असेल तर तारीख घरी विचारा. तिथीने घर त्या दिवशी विधीत असतं, आणि फोन वाजत राहिलेले त्यांना नको असतात. एक दिवस अलीकडे किंवा पलीकडे बरा.

सायफर_शनिवार

लाइव्ह म्हणताना त्याचा भाग रेकॉर्डवरून वाजवावा की दुसऱ्याने म्हणावा?

सोळाबार

रेकॉर्डवरून. दुसऱ्याने म्हटलं तर लोक तुलना करतात. त्याचा भाग वेगळी फाइल म्हणून ठेवा, बीट वेगळा, दोन्ही एकाच लॅपटॉपवरून वायरने मिक्सरला. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा पोचतो. व्हॉइस नोट मोठ्या स्पीकरवर २ ते ४ किलोहर्ट्झला टोचते, साउंड चेकमध्ये तेवढी पट्टी दोन-तीन डीबी उतरवून घ्या. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो, म्हणून हे गाणं यादीत शेवटचं ठेवू नका, मधेच कापलं जाईल. आणि तो वाजत असताना आपला माइक खाली. सोबत ओठ हलवायचे नाहीत, अ‍ॅडलिब द्यायची नाही. ९० च्या टेम्पोला आठ बार असतील तर एकवीस सेकंद नुसतं उभं राहायचंय. ते फार लांब वाटतात, तेव्हा घरी बीट लावून आधी चार-पाच वेळा उभं राहून बघा.